गाडी घाटात आहे

नाशिक शहरात एक बस चुकली तर थोड्या वेळाने दुसरी मिळते. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या फाट्यावर दिवसाला दोनच फेऱ्या असल्या आणि सकाळची एसटी चुकली, तर दवाखाना, बँक, कॉलेज सगळंच उद्यावर जातं. गाडी कुठवर आली ही माहिती जिथे गाड्या कमी, तिथेच जास्त मोलाची. तरी ती आधी शहराला मिळते आणि मग शहराचीच यंत्रणा जशीच्या तशी घाटात नेली जाते. तिथे ती का अडते?

बसमधल्या यंत्राला दोन कामं असतात. पहिलं ऐकण्याचं. उपग्रह सतत आपली वेळ सांगत असतात. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं आणि किमान चार उपग्रहांवरून ठिकाण. संदेश सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने येतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी ठिकाण ३०० मीटरने हुकू शकतं. घाटात डोंगर निम्मं आकाश झाकतो, कड्यावर आपटलेला संदेश उशिरा पोचतो आणि नकाशावरची गाडी रस्ता सोडून दरीत दिसते. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यातले काही आपल्या डोक्यावर बराच वेळ उंच राहतात. डोंगराआड ते सहज जात नाहीत, याचा घाटात उपयोग होतो.

दुसरं काम सांगण्याचं, आणि खरी अडचण इथे आहे. ऐकायला मोबाइलचा टॉवर लागत नाही, सांगायला लागतो. म्हणजे गाडीला आपण कुठे आहोत हे ठाऊक असतं, पण ते कळवता येत नाही. सार्वजनिक वाहनांसाठीच्या एआयएस-१४० मानकानुसार रेंज नसताना यंत्र नोंदी साठवतं आणि रेंज आली की पाठवतं. आगाराच्या हिशेबाला हे पुरेसं आहे. फाट्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या बाईला त्याचा काही उपयोग नाही.

तिच्यासाठी अंदाज बांधावा लागतो. गाडी घाटाच्या तोंडाशी किती वाजता दिसली, पावसाळ्यात हा टप्पा पार करायला एरवी किती वेळ लागतो, यावरून. फक्त तो प्रामाणिक हवा: ‘४ वाजून ३२ मिनिटं’ असं न सांगता ‘साडेचार ते पावणेपाच’ सांगावं, आणि गाडी जितका वेळ दिसेनाशी राहील तितकी ही मुदत रुंदावावी. ठिकाण आणि वेळ कळवायला जेमतेम काही डझन अक्षरं लागतात. एवढ्याला साधा एसएमएस पुरतो. जिथे तोही जात नाही तिथे लोरासारखा कमी विजेचा रेडिओ आहे. टेकडीवर एक रिसीव्हर बसवला आणि मध्ये आडोसा नसला, तर काही किलोमीटर पलीकडचा निरोपही तो पकडतो. हे सगळं ॲपमध्येच कोंडून ठेवू नये असं मला फार वाटतं. गावातल्या दुकानावर एक छोटा फलक लावला तर साधा फोनवालाही वाचेल.

फेऱ्या आखताना आणखी एक गोष्ट निसटते. वाहकाचं तिकीट यंत्र कुठून कुठपर्यंतची किती तिकिटं काढली गेली हे सांगतं, आणि आकडे कमी दिसले की फेरी कमी होते. पण वाट पाहून काळी-पिवळीत बसलेला, किंवा पायीच घरी परतलेला माणूस त्या यंत्रात कुठेच नसतो. त्याची मोजणी ग्रामसभेत आणि आठवडे बाजारात उभं राहून, विचारूनच करावी लागेल, आणि तीही यंत्रं विकत घेण्याआधी.