स्टँडर्ड लायब्ररी

स्टँडर्ड लायब्ररी : संगणकाच्या एखाद्या भाषेसोबतच मिळणारा आणि त्या भाषेच्या व्याख्येचा किंवा अधिकृत वितरणाचा भाग मानला जाणारा तयार कार्यांचा संग्रह. यादी क्रमाने लावणे, त्यात शोधणे, मोजदाद करणे, तारखांचा हिशोब, फाइल वाचणे, मजकुराचे तुकडे पाडणे ही नेहमीची कामे वेगळे काहीही उतरवून न घेता तिच्यातून भागतात. मराठीत ‘प्रमाण ग्रंथालय’, ‘मानक ग्रंथालय’ असे प्रतिशब्द सुचवले जातात. पण ग्रंथालय म्हटले की कोल्हापूरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर करवीर नगर वाचन मंदिर (स्थापना १८५०) येते आणि तिथले पुस्तक एकाने नेले की दुसऱ्याला थांबावे लागते. येथे तसे काही नाही. अर्थाच्या दृष्टीने ‘संग्रह’ हा शब्द अधिक जवळचा ठरला असता. तथापि रूढी ‘लायब्ररी’कडे झुकलेली असल्याने या नोंदीत तोच ठेवला आहे. विद्यार्थी बोलताना ‘इनबिल्ट फंक्शन’ म्हणतात, ते काटेकोर नव्हे. पायथनमध्ये ‘लेन’ किंवा ‘सॉर्टेड’ ही कार्ये अंगभूत आहेत, तर ‘बायसेक्ट’, ‘डेसिमल’ हे विभाग लायब्ररीतून आयात करावे लागतात.

उगम : ‘लायब्ररी’ ही कल्पना नेमकी कोणाची, यावर मतभेद आहेत. चार्ल्स बॅबेज यांनी १८६४ च्या आत्मचरित्रात आपल्या नियोजित विश्लेषक यंत्राला स्वतःची लायब्ररी असेल असे म्हटले आहे : छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा (कार्डांचा) संच एकदा तयार झाला की तेच गणित पुढे केव्हाही पुन्हा करता येईल. शब्दाच्या दृष्टीने हा उल्लेख सर्वांत जुन्यांपैकी आहे. पण ते यंत्र पूर्ण झाले नाही आणि एका संचातून दुसऱ्या संचाला बोलावून परत येण्याची सोय तिथे स्पष्ट दिसत नाही. तो मुद्दा ॲलन ट्यूरिंग यांच्या १९४५च्या अखेरीच्या अहवालात येतो. परतीचा पत्ता ‘पुरून’ ठेवणे आणि काम झाल्यावर तो ‘उकरून’ काढणे, अशी क्रियापदे त्यांनी वापरली आहेत. जॉन मॉक्ली यांनी जानेवारी १९४७ मधील हार्वर्डच्या परिषदेत अशा तयार उपक्रमांचा (सबरूटीन, म्हणजे मुख्य प्रोग्रामने हवे तेव्हा बोलावायचे छोटे प्रोग्राम) विचार मांडला. हर्मन गोल्डस्टाइन व जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४७–४८ च्या अहवालमालेतील शेवटचा भाग तर उपक्रम एकमेकांना जोडण्यावरच आहे. हे सारे कागदावरचे. प्रत्यक्ष वापरातली पहिली लायब्ररी केंब्रिजच्या एडसॅक यंत्राची मानावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हे यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. उपक्रम छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर असत, फिती कपाटात क्रमवार ठेवलेल्या असत, आणि हवी ती काढून तिची नक्कल आपल्या फितीत घ्यायची अशी रीत होती. १९५१ पर्यंत तेथे ८७ उपक्रम जमले होते. त्याच वर्षी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. परतीचा प्रश्न व्हीलर यांनी सोडवला. बोलावणारा आपला ठावठिकाणा बेरजेच्या खणात (ॲक्युम्युलेटरमध्ये) ठेवून उडी मारतो. उपक्रम त्यावरून आपलीच शेवटची आज्ञा बदलून घेतो आणि काम संपले की तेथून परततो.

यानंतर ‘प्रमाण’ या विशेषणाचा प्रश्न येतो. अल्गोल ६० च्या अहवालाने वाचणे-छापणे या क्रिया मुद्दाम बाहेर ठेवल्या, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर त्या वेगळ्या झाल्या. सी भाषेनेही भाषा लहान आणि लायब्ररी वेगळी हाच मार्ग धरला, पण लायब्ररीलाही प्रमाणात घेतले. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात (१९९० मध्ये आंतरराष्ट्रीय) १५ शीर्ष-फाइली (हेडर, म्हणजे लायब्ररीतील कार्यांची ओळख करून देणाऱ्या फाइली) आहेत. महाराष्ट्रात इतरत्र होती तशीच परिस्थिती कोल्हापुरातही होती : टर्बो सी या संकलकावर (कंपायलरवर) सी शिकलेल्या पिढ्यांनी पडदा पुसणारे ‘क्लिअरस्क्रीन’ आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारे ‘गेटसीएच’ ही कार्ये भाषेचाच भाग समजून पाठ केली. ती असलेली ‘कोनिओ’ ही फाइल त्या पंधरांत कधीच नव्हती. लिनक्सवर पहिल्यांदा प्रोग्राम चालवताना जी चूक समोर येते, तिचे मूळ येथे आहे.

शोध व क्रम : तयार कार्य का वापरावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण द्विभाजन शोधाचे आहे. क्रमाने लावलेल्या यादीच्या मध्यावर पाहायचे, हवे ते लहान असेल तर डावी अर्धी यादी, मोठे असेल तर उजवी. एका परिच्छेदात सांगता येणारी ही रीत मॉक्ली यांनीच १९४६ मध्ये मांडली, पण यादीची लांबी कितीही असली तरी बरोबर चालणारी रीत छापून यायला १९६० उजाडले (काही ठिकाणी १९६२ असे वर्ष दिले जाते, लेमर यांच्या लेखाचा विचार करता आधीचे वर्ष स्वीकारणे योग्य). एवढ्यावरही भागले नाही. मध्य काढताना खालचा व वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागण्याची पद्धत जावाच्या लायब्ररीत सुमारे नऊ वर्षे होती. यादी २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी घटकांच्या घरात गेली की ती बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. ही चूक जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केली. ते कार्य त्यांनीच लिहिलेले होते. एका ठिकाणी दुरुस्ती झाली की ती सगळ्यांना मिळते, हा लायब्ररीचा खरा लाभ. वहीत उतरवून ठेवलेल्या प्रोग्रामला तो मिळत नाही.

क्रम लावण्याच्या बाबतीतही तसेच. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेली टिमसॉर्ट रीत यादीत आधीपासून क्रमाने असलेले तुकडे ओळखून ते एकमेकांत मिसळते. जावाने ती २०११ च्या सातव्या आवृत्तीत घेतली. २०१५ मध्ये काही संशोधक तिची अचूकता गणिताने सिद्ध करू पाहत असताना ती पूर्णतः अचूक नाही असेच सिद्ध झाले : बाकी तुकड्यांसाठी राखलेली जागा क्वचित अपुरी पडत होती. २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून पायथनने तुकडे मिसळण्याचा क्रम ‘पॉवरसॉर्ट’ या रीतीने ठरवायला सुरुवात केली. वापरणाऱ्याला यातले काही कळण्याचे कारण नाही. त्याला एवढे माहीत असले तरी पुरे की ही रीत स्थिर आहे. म्हणजे यादी आधी गावाने व मग तालुक्याने लावली, तर कागल तालुक्यातील गावे आपसांत आधीच्याच क्रमाने राहतात. वर्गात बबल सॉर्ट हाताने लिहून घेतात, ते समजण्यासाठी. कामावर ते कोणी लिहीत नाही.

आकड्यांचे प्रश्न : पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फूट-इंचांत सांगितली जाते, ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. समजा, वर्षभराच्या अशा नोंदी मजकूर म्हणून साठवल्या आणि तशाच क्रमाने लावल्या. ‘९ फूट ८ इंच’ ही उन्हाळ्यातली नोंद ‘४३ फूट’ च्याही वर जाऊन बसते, कारण तुलना पहिल्या अक्षराची होते. ‘३९ फूट १० इंच’ हे ‘३९ फूट २ इंच’ च्या खाली जाते. उपाय लहान आहे. क्रम लावणाऱ्या कार्याला ‘की’ म्हणून इंचांत रूपांतर करणारे कार्य द्यायचे. इशारा ४६८, धोका ५१६. उलट येताना पायथनचे ‘डिव्हमॉड’ हे कार्य ४७५ इंचांचे ३९ व ७ असे दोन्ही आकडे एकदम देते. सर्वांत वरच्या पाच नोंदीच हव्या असतील, तर सगळी यादी क्रमाने लावण्याचीही गरज नाही. ‘हीपक्यू’ विभागातील ‘एनलार्जेस्ट’ पुरते. कोणत्या महिन्यात किती वेळा इशारा ओलांडला, हे ‘कलेक्शन्स’मधील ‘काउंटर’ एका ओळीत सांगतो.

देवनागरी अंकांबाबत भाषा-भाषांत फरक आहे. ‘३९’ हा मजकूर पायथन आणि जावा निमूटपणे संख्येत बदलतात. जावास्क्रिप्ट ‘संख्या नाही’ असे उत्तर देते. सी चे ‘स्ट्रटॉल’ शून्य देते आणि हा शून्य खऱ्या शून्यासारखाच दिसतो. तेच अधिक धोक्याचे.

दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात वेगळी अडचण येते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांत ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थानी ४ शिल्लक राहतो. कारण द्विमान पद्धतीत हे अपूर्णांक नेमके लिहिता येत नाहीत. पैशांपर्यंत पूर्णांकन करताना तर लायब्ररीच आपापसांत भांडतात. २.५ चे पूर्णांकन पायथन ३ मध्ये २ आणि सी व जावास्क्रिप्टमध्ये ३ होते. पायथनने बरोबर मधली संख्या जवळच्या सम अंकाकडे नेण्याचा नियम घेतला आहे. शास्त्रीय आकडेवारीत त्याचा उपयोग आहे. पण अर्धा असला की वर, असा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या उत्पादकाला तो पटवून देता येत नाही. अशा वेळी ‘डेसिमल’ विभाग घ्यावा आणि पूर्णांकनाचा नियम स्वतः लिहून द्यावा. गृहीत धरू नये.

मराठी मजकूर : येथे प्रमाण लायब्ररीचे प्रमाणपण उघडे पडते. ‘कोल्हापूर’ या शब्दाची लांबी किती? सी चे ‘स्ट्रलेन’ यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची रूढ पद्धत) मध्ये २७ सांगते, कारण ते बाइट मोजते. पायथन व जावास्क्रिप्ट ९ सांगतात. त्यात काना, ओकार, हलन्त हे स्वतंत्र धरले जातात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरे चारच : को, ल्हा, पू, र. युनिकोडचे (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचे) अक्षरसमूहांचे नियमही पूर्वी ‘ल्’ आणि ‘हा’ वेगळे काढून ५ समूह करीत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत भारतीय जोडाक्षरांसाठी नवा नियम आल्यावर ते ४ झाले. म्हणून ‘शब्द उलटा करा’ हा मुलाखतीतला आवडता प्रश्न मराठीत फसतो. पायथनच्या नेहमीच्या रीतीने उलटलेले कोल्हापूर ‘रूपाह्लोक’ होते, ‘रपूल्हाको’ नव्हे. गंमत अशी की ‘रूपाह्लोक’ वाचता येते, त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही.

पायथनच्या नियमित पदावली (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना देऊन शोधण्याची रीत) विभागात शब्दासाठी वापरले जाणारे चिन्ह मात्रांना शब्दाचा भाग धरत नाही. त्या चिन्हाने कोल्हापूर शोधले, तर क, ल, ह, प, र अशी पाच सुटी अक्षरे हाती येतात. वर्तमानपत्रातील मजकुरावर शब्दमोजणी करू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला यातून जावे लागते. जागा व विरामचिन्हे यांवर तोडणे किंवा देवनागरीच्या अक्षरांची कक्षा स्वतः लिहून देणे, हे त्यातल्या त्यात सोपे.

क्रमाचा प्रश्न अधिक खोल आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी बसवलेला आहे. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील बारा तालुके आजरा ते हातकणंगले असे लावले तर काही बिघडत नाही, आणि त्यामुळेच चाचणी पास होते. तेच नद्या-धरणांच्या नावांत ‘काळम्मावाडी’ हे ‘कासारी’ च्या आधी येते. कोशाच्या क्रमाने ते नंतर यायला हवे. पायथनमध्ये सोपा उपाय म्हणजे क्रमाच्या किल्लीत (वर आलेल्या ‘की’मध्ये) ळ च्या जागी तक्त्यात ह च्या लगेच नंतरचे, मराठीत न लागणारे चिन्ह ठेवणे. छापताना मूळ नावच छापायचे. क्ष व ज्ञ यांना वर्णमालेच्या शेवटी स्वतंत्र धरायचे की क आणि ज यांच्या पोटात, याविषयी कोशकारांतच एकमत नाही. वर्णमालेला धरून पहिला पक्ष अधिक सुसंगत ठरतो. जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’ विभागात भाषा सांगून क्रम लावण्याची सोय आहे. पायथनचा ‘लोकॅल’ विभाग मात्र कार्यप्रणालीत मराठीची माहिती किती आहे यावर अवलंबून राहतो.

दिसायला सारखे पण आतून वेगळे, असेही शब्द आहेत. ‘ॲ’ हे अक्षर २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे. त्यापूर्वी अ वर चंद्र देऊन ते लिहीत. ‘युनिकोडडेटा’ विभागाचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकरूप करणे) या दोहोंना एक करीत नाही. जुनी व नवी यादी जुळवताना हा फरक स्वतःच बुजवावा लागतो.

आकार : लायब्ररी केवढी असावी, यावर दोन टोके आहेत. पायथनने ‘बॅटरीसकट’, म्हणजे नेहमी लागणारे सारे भाषेसोबतच, देण्याचे धोरण ठेवले. जावास्क्रिप्टचा संग्रह बराच काळ तोकडा होता. मार्च २०१६ मध्ये मजकुराच्या डावीकडे जागा भरणारे अकरा ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ हे बाहेरचे पॅकेज काढून घेतल्यावर असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. २०१७ च्या प्रमाणात त्यासाठी ‘पॅडस्टार्ट’ आले. त्याचे श्रेय या घटनेला देण्याचा प्रघात आहे. पण तसा प्रस्ताव आधीच विचाराधीन होता.

मोठ्या संग्रहातही जुने सामान साचते. पायथनच्या ३.१३ आवृत्तीतून (ऑक्टोबर २०२४) एकोणीस विभाग काढून टाकण्यात आले. त्यात संकेतस्थळाचे फॉर्म वाचणारा ‘सीजीआय’ होता. त्यावर उभे असलेले जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीत आयातीच्या ओळीवरच थांबतात.