एमजीबीत मोठं व्ही८ इंजिन बसवताय? यूकेतली पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा

जुनी एमजीबी (एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घ्यायची आणि तिच्यात मोठं इंजिन टाकायचं हा यूकेत पन्नास वर्षांपासून चालत आलेला प्रकार आहे, इंजिन कसं बसवायचं याची माहिती ढिगाने मिळते पण कागदपत्रांचं काय ते मराठीत नीट सांगितलेलं कुठे दिसलं नाही म्हणून हे लिहितोय. इंग्लंडात राहणारे आपले बरेच जण आता या गाड्यांकडे वळतायत, आणि इंजिन आधी कागद नंतर असं केलं की पुढे त्रास होतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तुम्ही कुठलं इंजिन टाकताय यावर तुमच्या गाडीचं कायदेशीर स्थान ठरतं. मूळ एमजीबीत १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी सिरीज इंजिन, साधारण ९५ बीएचपी (हॉर्सपॉवर). पण १९७३ ते १९७६ मध्ये कंपनीने स्वतःच एमजीबी जीटी व्ही८ काढली होती, रोव्हरचं ३५२८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) टाकून, १३७ बीएचपी, आणि अशा २५९१ गाड्या बनल्या. त्याच्याही आधी केन कॉस्टेलो हा माणूस आपल्या वर्कशॉपमध्ये एमजीबीत हेच व्ही८ बसवून विकत होता. म्हणजे रोव्हर व्ही८ला या गाडीत इतिहास आहे. जनरल मोटर्सचं एलएस३ मात्र ६.२ लिटरचं, २००८च्या कॉर्व्हेटमध्ये ४३० हॉर्सपॉवर देणारं, त्याला या गाडीत असा इतिहास नाही. गॅरेजवाल्याला दोन्ही कामं सारखीच वाटतील पण एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीच्या, बाबतीत दोन्हींत खूप फरक पडतो.

एमओटीचं असं आहे की २० मे २०१८ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये पहिल्या रजिस्ट्रेशनला ४० वर्षं झालेल्या गाडीला दरवर्षी एमओटी लागत नाही, पण अट अशी की गेल्या ३० वर्षांत गाडीत 'सबस्टॅन्शियल चेंज', म्हणजे मोठा बदल, झालेला नसावा. यात चासी, अ‍ॅक्सल आणि रनिंग गिअर (सस्पेन्शन, स्टिअरिंग), आणि इंजिन हे तीन भाग बघतात. इंजिनाबद्दलच्या सरकारी मार्गदर्शनात म्हटलंय की त्याच इंजिनाची वेगळी सीसी किंवा कंपनीनेच पर्याय म्हणून दिलेलं इंजिन असेल तर तो मोठा बदल धरत नाहीत, मात्र सिलिंडरची संख्या बदलली असेल तर ते इंजिन बहुतेक मूळ पर्यायातलं नसणार असं समजतात, अगदी नक्कीच नाही पण बहुतेक. गाडीचं प्रॉडक्शन चालू असताना किंवा ते बंद झाल्यावर दहा वर्षांच्या आत जे बदल लोक करायचे ते दाखवता आले तर तेही चालतात. एमजीबीचं प्रॉडक्शन १९८० ला बंद झालं, तेव्हा रोव्हर व्ही८ टाकलेल्या गाडीला मांडायला बाजू आहे. एलएसला नाही. आणि खात्री नसेल तर फेडरेशन ऑफ ब्रिटिश हिस्टॉरिक व्हेइकल क्लब्जकडे तज्ज्ञांची यादी असते, त्या मॉडेलच्या जाणकाराला विचारून त्याचं मत लेखी घेऊन ठेवा.

ही सूट मिळते ती तुम्ही स्वतः टॅक्स भरताना जाहीर करता तेव्हा, ऑनलाइन किंवा पोस्ट ऑफिसात व्ही११२ फॉर्म भरून. कोणी गाडी उघडून बघत नाही, म्हणून लोक बिनधास्त सही करून मोकळे होतात आणि हे मला अजिबात पटत नाही. ४३० हॉर्सपॉवरची गाडी, मागे ड्रम ब्रेक, मूळ लिव्हर आर्म शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आणि वर्षानुवर्षं कोणी तपासलीच नाही, हे तुमच्यासाठीही वाईट आणि समोरून येणाऱ्यासाठीही. एलएस टाकलं तर सरळ दरवर्षी एमओटी करा. आणि एमओटीला घाबरायचं कारणही नाही, जुन्या गाडीत नवं इंजिन असेल तर धुराची तपासणी गाडीच्या वयाप्रमाणे होते, १ ऑगस्ट १९७५ च्या आधी वापरात आलेल्या गाडीचा धूर नुसता डोळ्यांनी बघतात, त्यानंतरच्या आणि जुलै १९८६ पर्यंतच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांच्या आत लागतो.

आता डीव्हीएलएचा, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याचा, अर्ज. व्ही५सी म्हणजे गाडीचं लॉगबुक, त्यात पी.१ ला सीसी, पी.३ ला इंधन आणि पी.५ ला इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की पी.१ आणि पी.५ दोन्ही चुकीचे होतात आणि ते कळवणं मालकाची जबाबदारी आहे, कळवलं नाही तर १००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. लॉगबुकवर जिथे बदल लिहायची जागा आहे तिथे नवे आकडे भरायचे आणि पुराव्यासकट डीव्हीएलए, स्वॉन्सी, एसए९९ १बीए या पत्त्यावर पाठवायचं. पुरावा म्हणून नव्या इंजिनाची पावती चालते, किंवा इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं पत्र, किंवा इन्शुरन्ससाठी केलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट, आणि तुम्ही गाडी घेण्याआधीच कोणी इंजिन बदललं असेल तर गॅरेजचं लेटरहेडवरचं पत्र.

पावतीबद्दल जरा जास्त सांगतो कारण इथेच जास्त घोळ होतो. इंजिन मोडलेल्या गाडीतून किंवा कोणा माणसाकडून रोख घेतलेलं असतं आणि हातात येते 'व्ही८ इंजिन, पैसे मिळाले' एवढीच चिठ्ठी. पावतीवर इंजिन नंबर, सीसी, तारीख आणि विकणाऱ्याचं नाव पत्ता हे सगळं पाहिजे, आणि पैसे द्यायच्या आधी नंबर ब्लॉकवर स्वतः वाचून पावतीशी जुळवून घ्या. नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, त्यावर तेलाची आणि काजळीची जाड पुटं चढलेली असतात, ती डिग्रीझरने आणि पितळी ब्रशने घासून काढा, टॉर्च तिरका धरून फोटो काढा. हे इंजिन जमिनीवर असतानाच करा, कारण एमजीबीच्या बॉनेटखाली व्ही८ बसलं आणि त्यावर एक्झॉस्ट चढलं की मग तिथे हात जायचीही मारामार, फोटो तर दूरच.

टॅक्सचं थोडक्यात. ४० वर्षांच्या वरच्या गाडीला हिस्टॉरिक क्लासमध्ये टॅक्स शून्य आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, पहिल्यांदा पोस्ट ऑफिसात व्ही१० फॉर्म आणि लॉगबुक घेऊन क्लास बदलून घ्यावा लागतो, आणि पैसे शून्य असले तरी दरवर्षी टॅक्स करावाच लागतो. इंजिन बदलल्याने ही सवलत जात नाही, ती वयावर आहे. लंडनच्या यूलेझमधून (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना जिथे रोजचे पैसे भरावे लागतात तो भाग) सूटही याच क्लासवर मिळते, म्हणून हे काम आधी उरकून घ्या.

बॉडी कापायची असेल तर वेगळं प्रकरण आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, मोनोकॉक बॉडी आहे, आणि मोठं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायला लोक ट्रान्समिशन टनेल रुंद करतात, इनर विंगला (इंजिनाच्या बाजूच्या आतल्या पत्र्याला) एक्झॉस्टसाठी भोकं पाडतात. पूर्वी आठ पॉइंटांची पद्धत होती, मूळ राहिलेल्या भागांचे किमान ८ पॉइंट भरले तरच गाडीची ओळख आणि नंबर टिकायचा, बॉडीला ५ पॉइंट, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, स्टिअरिंगला प्रत्येकी २ आणि इंजिनाला फक्त १, त्यामुळे इंजिन गिअरबॉक्स बदलून गाडीची ओळख जात नव्हती पण बॉडी कापली की गोत्यात. २६ ऑगस्ट २०२५ पासून डीव्हीएलएने नवे नियम आणलेत, स्ट्रक्चरमध्ये मोठा बदल केला तरी गाडीची मूळ ओळख आणि नंबर राहू शकतो, पण तो बदल कळवावाच लागतो. जुनी माहिती अजून सगळीकडे फिरतेय, ती वाचून काही ठरवू नका. कापायच्या आधी, कापताना आणि वेल्डिंग झाल्यावर फोटो काढून ठेवा.

काम चालू असताना गाडीचं सॉर्न करा (गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळवणं), फुकट आहे, आणि इन्शुरन्स असेल तर आधी ठरवलेल्या एमओटीला गाडी चालवत नेता येते.

इन्शुरन्स कंपनीला इंजिन गाडीत चढायच्या आधी फोन करा, काम झाल्यावर नाही. बऱ्याच नेहमीच्या कंपन्या नाही म्हणतात, क्लासिक आणि मॉडिफाइड गाड्यांवाल्या घेतात, पण त्या इंजिनिअरचा रिपोर्ट मागू शकतात, ब्रेक आणि सस्पेन्शन काय बदललं ते विचारतात. हाच रिपोर्ट डीव्हीएलएला पुरावा म्हणून चालतो, म्हणजे एका खर्चात दोन कामं. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू', म्हणजे गाडीची आधीच ठरवून घेतलेली किंमत, मागा आणि जे कबूल झालं ते ईमेलवर घ्या. बदल न सांगता गाडी चालवली तर ऐन क्लेमच्या वेळी पॉलिसी हातची जाऊ शकते, आणि इन्शुरन्स नसताना पकडलं तर ३०० पाउंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट.

कोणीतरी आधीच बदललेली गाडी घेत असाल तर लॉगबुकवरची सीसी आधी बघा. बॉनेटखाली व्ही८ आणि कागदावर १७९८ असेल तर विकणाऱ्याला आधी दुरुस्त करून आणायला सांगा. काम ३० वर्षांपेक्षा जुनं आहे असं तो म्हणत असेल तर त्या काळाची बिलं किंवा जुने एमओटी मागा, ते असतील तर एमओटीची सूट मिळायलाही उपयोगी पडतात.

आणि पुण्या-मुंबईत हे करता येईल का असं विचारणाऱ्यांसाठी, भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. आरटीओची परवानगी घेऊन त्याच कंपनीचं त्याच प्रकारचं इंजिन बदलता येतं, वेगळं मोठं इंजिन नाही. परवानगीशिवाय केलं तर कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांच्या वरच्या गाडीला 'व्हीए' नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पण तिथेही चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी घेत नाहीत.