बागेतल्या पाटीवर तारीख हवी

ऊन तापायला लागलं की फोनवर एक संदेश हमखास येतो : ‘बहावा फुलला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस!’ सोबत पिवळ्या घोसांचा फोटो आणि खाली ‘आपल्या पूर्वजांचं विज्ञान’. हवामान खात्याचं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, त्यावरून अख्ख्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव पडलं. त्या पुण्यातही हा संदेश भक्तिभावानं पुढे ढकलला जातो. एकाच रस्त्यावरचे दोन बहावे कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतरानं फुलतात, मग ४५ दिवस कुणाच्या फुलापासून मोजायचे, असं विचारलं की गटात शांतता पसरते.

पण मला यातला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हा दावा तपासायचा झाला तर काय लागेल? पाऊस कधी आला, ते खात्याच्या दप्तरात सापडेल. बहावा कधी फुलला, ते कुठे सापडेल? एक विशिष्ट झाड, त्याचं पहिलं फूल, त्या दिवसाची तारीख, आणि हे सलग पन्नासेक वर्षं. सार्वजनिक बागांनी आणि संग्रहालयांनी हवामानबदलाच्या कामात पुढाकार घ्यावा असं हल्ली बरंच बोललं जातं. प्रत्यक्षात तो ५ जूनला रोप, फोटो आणि छतावर सौरपॅनेल इथवर थांबतो. तेही करावंच. पण ते शाळा, बँक, सोसायटी कुणीही करू शकतं. नावानिशी ओळखता येणारी जुनी झाडं आणि तारीख लिहून जपलेले नमुने मात्र या बागा-संग्रहालयांकडेच असतात.

अमेरिकेत बॉस्टनला हार्वर्ड विद्यापीठाचं आर्नल्ड आर्बोरेटम आहे, म्हणजे झाडांची मोठी बाग. तिथल्या झाडांच्या फुललेल्या फांद्या वेळोवेळी कापून, वाळवून, तारखेसह कागदावर चिकटवून ठेवल्या होत्या. काही संशोधकांनी १८८५ ते २००२ या काळातले असे ३७२ नमुने काढले. गंमत अशी, की ज्या २२९ झाडांचे ते नमुने होते ती झाडं बागेत अजून उभी होती. म्हणजे झाडाची तुलना त्याच झाडाशी! १९००–१९२० च्या तुलनेत १९८०–२००२ मध्ये फुलं सरासरी आठ दिवस आधी येत होती. हे नमुने जमवणाऱ्या कुणाच्याही डोक्यात हवामानबदल नव्हता. त्यांनी फक्त तारीख लिहायचा कंटाळा केला नाही.

पुणं या बाबतीत गरीब नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून इथे आहे आणि कोरेगाव पार्कातल्या त्याच्या कपाटांत लाखाहून जास्त वाळवलेले नमुने आहेत. त्याआधी एकोणिसाव्या शतकात इथल्या विज्ञान महाविद्यालयाचे (आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे) प्राचार्य थिओडोर कुक आणि गणेशखिंडच्या वनस्पती उद्यानाचे वुडरो यांनी मुंबई इलाखाभर झाडं गोळा केली. अशा कागदाच्या कोपऱ्यात नाव, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याची सही असते.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. त्या वाळक्या पानात फुलाच्या तारखेखेरीज आणखी एक नोंद असते आणि ती झाडानं स्वतः केलेली असते.

पानाच्या पाठीवर, म्हणजे खालच्या बाजूला, सूक्ष्म छिद्रं असतात हे आपण शाळेत शिकलो : पर्णरंध्रे. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. त्यांच्यात पोटॅशियमचे आयन शिरले की पाठोपाठ पाणी शिरतं, पेशी फुगतात आणि बाहेरच्या अंगाला वाकतात. मधे फट पडते. आयन निघून गेले की पेशी ढिल्या पडतात आणि फट मिटते. या फटीतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर निसटते. व्यवहार फार महागाचा : कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पदरात पडेपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू जातात. साहजिकच हवेत कार्बन डायऑक्साइड मुबलक असेल, तर झाडाला एवढी दारं उघडी ठेवायची गरज उरत नाही.

(इथेच पिंपळाचं सांगून टाकतो. ‘पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो’ असे फलक चांगल्या चांगल्या बागांत दिसतात. ऑक्सिजन येतो तो पाण्याच्या रेणूचं विघटन होऊन, आणि त्या विघटनाला प्रकाश लागतो. निवडुंग, कोरफड यांसारख्या काही वनस्पती रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात हे खरं, पण ऑक्सिजन त्यांनाही दिवसाच सोडावा लागतो. रात्री पिंपळ आपल्यासारखाच श्वास घेतो. चुकीचा फलक उतरवायला तर निधीही लागत नाही.)

केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या इयान वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की रंध्रं कमी होतात का, नेमकं हेच तपासलं. त्यांनी झाडाझुडपांच्या आठ जातींची संग्रहातली जुनी पानं घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रं मोजली. दोनशे वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. याच काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत २८० भाग) ३४० वर गेला होता. मग त्यांनी प्रयोगशाळेत वेगवेगळ्या प्रमाणात हा वायू देऊन रोपं वाढवली, तिथेही तोच कल दिसला. आज हवेत ४२० पीपीएमच्या वर आहे.

पण रंध्रं किती ठेवायची हे पान ठरवतं कधी? एकदा पूर्ण वाढलं की त्याला संख्या बदलता येत नाही. ती कोवळेपणीच ठरते. आणि कोवळं पान तर कळीत मिटलेलं असतं, त्याला बाहेरच्या हवेची खबर कशी लागते? २००१ साली मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर एक सुरेख प्रयोग झाला. फक्त जुनी पानं जास्त कार्बन डायऑक्साइडच्या कुपीत बंद केली. कोवळी पानं साध्या हवेत वाढू दिली. तरी नव्या पानांवर रंध्रं कमी आली! म्हणजे जुनी पानं हवा जोखतात आणि नव्यांना निरोप पाठवतात. शिवाय उजेडाचा निरोपही याच वाटेनं जातो, त्यामुळे उन्हातलं पान आणि सावलीतलं पान यांची मोजणी वेगळी येते. म्हणून जाणकार नुसती दाटी न बघता रंध्रांचं पानाच्या सालीतल्या एकूण पेशींशी असलेलं प्रमाण काढतात. पान पसरलं म्हणून रंध्रं विरळ दिसली की खरोखर कमी झाली, हे त्यावरून कळतं.

याचा शहराशी संबंध काय? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. मुळांना पाणी मिळत असेल तर मोठं झाड दिवसाला शंभर लिटर सहज उडवतं. दीड टनाचा एसी बारा-साडेबारा तास चालून खोलीतून जेवढी उष्णता उपसेल, तेवढी ही झाली. एसी ती रस्त्यावर ओततो, वर स्वतःची भर घालतो. झाड ती वाफेत घालून वर पाठवतं. हे सगळं त्याच रंध्रांतून. रंध्रं कमी झाली किंवा कोरड्या दुपारी मिटली, तर गारवाही तेवढाच कमी. त्यामुळे ‘इतके लाख रोपं लावली’ या घोषणेत मला रस वाटत नाही. एप्रिलमध्ये दुपारी कोणत्या जातीची रंध्रं उघडी असतात, हे कुणी मोजलं तर वाटेल. पळस, पांगारा फुलतात तेव्हा बहुधा निष्पर्णच असतात. पिंपळाची तांबूस पालवी त्याच दिवसांत आलेली असते.

संग्रहालयांच्या इमारतींबद्दल थोडक्यात. २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता रात्रंदिवस सांभाळायचा जुना दंडक विजेच्या बाबतीत अवाढव्य खर्चाचा आहे. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटानं तो सैल करून बहुतेक वस्तूंना १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के चालतील असं मान्य केलं. लाकडाला वाईट असतो तो झपाट्यानं होणारा चढउतार. पुण्यात एप्रिलची कोरडी दुपार आणि ऑगस्टची ओल यांत आर्द्रतेचा फरक प्रचंड असतो. केळकर संग्रहालयात कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते बघताना शेजारी त्या दिवशीच्या आर्द्रतेचा आकडाही दिसला, तर बघणाऱ्याला वस्तूचं वय आणि हवा दोन्ही कळतील.

बागेत करायचं काम तर फारच स्वस्त आहे. पारदर्शक नेलपॉलिश पानाच्या पाठीवर लावायचं, वाळू द्यायचं, चिकटपट्टीनं उचलायचं आणि काचपट्टीवर ठेवायचं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून रंध्रांचे ठसे लख्ख दिसतात. (केसाळ पानांवर हे नीट जमत नाही, तेवढी पानं वगळावीत.) एम्प्रेस गार्डनमध्ये गारंबीच्या अजस्र वेलीपासून जुन्या वृक्षांपर्यंत झाडांचा तोटा नाही आणि जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला अर्धं पुणं येतं. तिथे एक टेबल याचं मांडता येईल. गणेशखिंडचं उद्यान तर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेलं. दोन्हीकडच्या वीसेक झाडांना क्रमांक द्यावा. पहिलं फूल, पहिली पालवी, पूर्ण पानगळ यांच्या तारखा पाटीखालच्या वहीत लिहाव्यात. फांदीची दिशा ठरवून, दरवर्षी त्याच उंचीवरचं, उन्हातलंच पान घ्यावं. नोंदी ‘सीझनवॉच’सारख्या, लोकांकडून झाडांच्या ऋतुनोंदी जमवणाऱ्या देशभरच्या प्रकल्पालाही पाठवता येतील.

पहिली काही वर्षं हाती काहीच लागणार नाही. एखाद्या वर्षी बहावा आठ दिवस आधी फुलेल आणि वर्तमानपत्रवाले धावत येतील. तेव्हा एका वर्षाचा चढउतार म्हणजे कल नव्हे, हे सांगायला वही सांभाळणारं माणूस तिथे हजर असायला हवं. एका पिढीचे अधिकारी, माळी आणि नगरसेवक बदलतील, म्हणून वहीची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ठेवलेली बरी.