रेट्रो धाटणीचा प्लॅटफॉर्म गेम

फळीवरून फळीवर उड्या मारत, खड्डे आणि काटे चुकवत स्टेज पार करायचा, हा प्लॅटफॉर्म गेमचा गाभा. ‘डाँकी काँग’ने (१९८१) उडी मारणारे पात्र लोकप्रिय केले आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने (१९८५) आडवा सरकणारा पडदा घराघरांत नेला. त्या काळचे ठोकळेबाज चित्र, मोजके रंग आणि चिपचे संगीत घेऊन आज नव्याने बनवलेला गेम तो रेट्रो धाटणीचा. ‘केव्ह स्टोरी’ (२००४), ‘सुपर मीट बॉय’ (२०१०), ‘शोव्हेल नाइट’ (२०१४) आणि ‘सेलेस्ट’ (२०१८) ही त्याची ठळक उदाहरणे.

नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्या नागपूरकरांना हा प्रकार नवा नाही. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या टीव्हीला जोडायच्या नकला तेव्हा भारतभर विकल्या जात. त्यांच्या कंट्रोलरला ‘रिमोट’ आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालली नाही की ती काढून फुंकर मारायची रीत होती. खरे काम फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा घट्ट बसवल्याने होई. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या गंजत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे दुपारभर घरात बसून खेळायचे दिवस इथे आजही जास्त मिळतात.

जुन्या यंत्राचा पडदा २५६ × २४० ठिपक्यांचा होता. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रे आली की काही लुकलुकत. नव्या गेममध्ये ही अडचण राहिलेली नाही. ‘शोव्हेल नाइट’च्या कर्त्यांनी जुनी रंगसंगती जवळजवळ तशीच ठेवली, पण पडदा रुंद केला आणि लुकलुक काढून टाकली. दिसायला जुना आणि वागायला नवा, असा हा मेळ आहे.

नवेपणा सगळ्यात जास्त उडीत दडलेला असतो. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने (एकापाठोपाठच्या चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. ‘सेलेस्ट’मध्ये पात्र कड्यावरून निसटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे ६ फ्रेम, उडी मारता येते. याला कायोटी टाइम म्हणतात. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबले तरी ती दाब लक्षात ठेवली जाते आणि टेकताक्षणी उडी निघते. बटण ०.२ सेकंदांपर्यंत दाबून धरले तर उडी उंच जाते, लगेच सोडले तर ठेंगणी राहते. वर जाताना डोके फळीच्या कोपऱ्याला ४ ठिपक्यांपर्यंत घासले तर गेम पात्राला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. खेळणाऱ्याला यातले काही दिसत नाही. उडी आपल्या मनासारखी निघाली एवढेच जाणवते. म्हणून नवशिक्याने पहिली पंधरा मिनिटे स्टेज पार करायच्या मागे न लागता एकाच सपाट जागेवर ठेंगण्या, मधल्या आणि उंच उड्या माराव्यात. बहुतेकांचा हात बटण नेहमी पूर्ण दाबतो. मग छताला काटे असलेल्या बुटक्या बोगद्यात त्यांचा जीव जातो आणि दोष स्टेजला लागतो.

हात तयार असूनही उडी उशिरा निघत असेल तर आधी यंत्र तपासावे. टीव्हीवर खेळताना ‘गेम मोड’ चालू करावा. नसल्यास चित्र सुधारण्याच्या सोयींमुळे प्रत्येक दाब कित्येक फ्रेम मागे पडते. व्ही-सिंकमुळेही (फ्रेम पडद्याच्या लयीशी जुळवणाऱ्या सोयीमुळे) एखाद-दोन फ्रेमची भर पडते. ते बंद करून पाहावे आणि चित्र फाटू लागले तर परत लावावे. ब्लूटूथ इयरफोनचा आवाज शंभर-दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहून मागे असतो. कूलरच्या घरघरीमुळे इयरफोन लावावाच लागतो, तेव्हा तो तारेचा असावा. तालावर सरकणाऱ्या फळ्यांच्या स्टेजमध्ये हा फरक लगेच कळतो.

चित्राचा आकारही नीट लावावा लागतो. ‘सेलेस्ट’चे मूळ चित्र ३२० × १८० ठिपक्यांचे आहे. १९२० × १०८० च्या पडद्यावर ते नेमके सहापट बसते. स्वस्त लॅपटॉपच्या १३६६ × ७६८ पडद्यावर मात्र पूर्ण पट बसत नाही. ताणून भरले तर काही ठिपके जाड, काही बारीक होतात आणि कड्याची खरी जागा डोळ्याला कळत नाही. त्यावर चारपट, म्हणजे १२८० × ७२०, ठेवून डावी-उजवीकडे ४३ आणि वर-खाली २४ ठिपके काळे सोडलेले बरे.

साध्या कीबोर्डची खोड वेगळीच. तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी काही वेळा पोहोचतच नाही. तपासायला नोटपॅड उघडावे, डावा आणि वरचा बाण दाबून धरावा आणि स्पेस मारावी. कर्सर जागचा हलला नाही, तर उडी स्पेसवरून दुसऱ्या कळेवर न्यावी. ‘सेलेस्ट’मध्ये मुळातच उडी सी, झेप एक्स आणि पकड झेडवर आहे. कंट्रोलर घेणाऱ्याने आधी दिशांची चौकट (डी-पॅड) दाबून पाहावी: उजवी दाबताना अधूनमधून वरचीही लागत असेल तर तो या खेळासाठी निरुपयोगी. गोल काडीपेक्षा (अ‍ॅनालॉग स्टिक) ही चौकटच बरी, कारण काडी नेमकी आडवी झाली की तिरकी, हे ऐनवेळी कळत नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपाशी जातो, तेव्हा फोनवर खेळताना दोन अडचणी येतात. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो, फ्रेम गळतात आणि रोजची उडी फसते. शिवाय घामेजलेला अंगठा काचेवर ओढला जातो. जाड कव्हर काढावे, फोन कूलरच्या वाऱ्यात धरावा, पण ताट्यांच्या ओल्या झोताला चिकटून बसू नये. चार्जर लावून खेळू नये: फोन आणखी तापतो, आणि चार्जर हलका असेल तर काचेवर नसलेले स्पर्श उमटतात. डेस्कटॉपवर खेळणाऱ्याकडे यूपीएस हवा, नाहीतर वीज गेल्यावर शेवटच्या सेव्हनंतरची सगळी मेहनत जाते.

सरावात एक चूक सर्रास दिसते: जिथे जीव गेला त्याच उडीकडे बघत राहणे. बहुधा बिघाड दोन उड्या आधीचा असतो. तिथे पात्र फळीच्या मधोमध उतरले म्हणून पुढे पळायला जागा उरली नाही. ‘सुपर मीट बॉय’ स्टेज संपल्यावर सगळे प्रयत्न एकत्र चालवून दाखवतो. ते लक्ष देऊन पाहिले की पात्रांचा घोळका कुठे पांगू लागतो ते दिसते, आणि मरणाची जागा त्याच्या थोडी पुढे असते.

फारच अडले तर ‘सेलेस्ट’च्या असिस्ट मोडमध्ये (खेळ सोपा करण्याच्या सोयीत) वेग १०-१० टक्क्यांनी ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. यात कमीपणा काही नाही. ७० टक्क्यांवर खोली (स्टेजचा एक तुकडा) सलग तीनदा पार झाली की ८०, मग ९० असे चढत यावे. ७० वरून थेट १०० वर गेले तर बोट जुन्याच संथ तालात राहते आणि पहिल्याच कड्यावर उडी उशिरा पडते.