स्लॅबखालचे टेकू अजून का काढले नाहीत?

कमी कार्बनचं ऑफिस बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

स्लॅब भरून आठवडा झाला की हा प्रश्न येतोच. काँक्रीट कच्चं नाही. ते सावकाश ताकद धरणारं आहे, आणि तसं ते ठरवून निवडलं आहे.

सिमेंटमधला मुख्य घटक क्लिंकर. चुनखडी 1450 अंशांच्या आसपास भाजताना इंधनाचा धूर होतोच, पण खुद्द दगडातूनही दर टन क्लिंकरमागे सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधन कितीही स्वच्छ वापरलं तरी हा अर्धा टन चुकत नाही. म्हणून आम्ही स्लॅबमधलं निम्मं सिमेंट कमी करून त्या जागी लोखंडाच्या भट्टीतला दळलेला स्लॅग, म्हणजे मळी, घालतो. घनमीटरला 360 किलो सिमेंट लागत असेल तर 180 किलो वाचतं, म्हणजे स्लॅगचा स्वतःचा वाटा वजा करूनही साधारण 140 किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. 500 चौरस मीटरच्या, 150 मिलिमीटर जाड स्लॅबला हे दहा टनांवर जातं. गच्चीवरचे सौर पॅनेल हवेतच, पण त्यांची बचत वर्षानुवर्षं थोडी थोडी होते. ही बचत स्लॅब भरतानाच होते.

सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होऊन चुना सुटला की मग स्लॅग कामाला लागतो. त्यामुळे 7 दिवसांचा क्यूब (ताकद तपासायला त्याच काँक्रीटचा भरलेला ठोकळा) कमी ताकद दाखवतो, 28 दिवसांचा साध्या सिमेंटच्या जवळ येतो आणि 56 दिवसांचा बहुधा पुढे जातो. थंडीत हे आणखी लांबतं. तेव्हा स्लॅबमध्ये आम्ही स्लॅग 30 टक्क्यांवर आणतो. पायाला घाई नसते, तिथे 60 ते 70 टक्के चालतो, आणि जाड राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा सलग पाया, कमी तापत असल्याने भेगांचा धोकाही घटतो.

खरा वेळ जातो तो एकाच चुकीने: मालक साइटवर येऊन परस्पर सांगतात, “पुढच्या स्लॅबला साधं सिमेंट वापरा, लवकर उरका.” सिमेंट बदललं की पाण्याचं आणि ॲडमिक्श्चरचं (काँक्रीटमध्ये मिसळायच्या रसायनाचं) प्रमाण बदलतं आणि आधीचे क्यूबचे निकाल निरुपयोगी ठरतात. नवं मिक्स डिझाइन, नवे ट्रायल, पुन्हा 28 दिवसांची वाट. आठवडा वाचवायला जाऊन महिना जातो. घाई असेल तर आधी आम्हाला फोन करा. फळ्या लवकर काढून टेकू तसेच ठेवता येतात, फक्त तशी सेंट्रिंग (फळ्या-टेकूंचा साचा) आधीपासून लावावी लागते.

टेकू काढण्याचा निर्णय आम्ही तारखेवर सोडत नाही. पाण्याच्या टाकीतल्या क्यूबखेरीज काही क्यूब स्लॅबशेजारीच, त्याच हवेत ठेवतो आणि ते फोडून ठरवतो. याचा खर्च कोटेशनमध्येच धरलेला असतो. पाणी मात्र 14 दिवस, एकही दिवस न चुकता मारायचं. स्लॅगचं काँक्रीट लवकर वाळलं तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी सुधारत नाही.

पुढची इमारत मनात असेल तर कॉलमची जागा पक्की होण्याआधी नकाशा दाखवा. दोन कॉलममधलं अंतर 9 मीटरऐवजी 7.5 मीटर केलं तर स्लॅब पातळ होतो, सळई कमी लागते. जे काँक्रीट ओतावंच लागत नाही, त्यात स्लॅग किती घालायचा हा प्रश्नच येत नाही.