सोनं दुधात नव्हतं, मदरबोर्डवर होतं

मध्यंतरी आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरला. ‘शास्त्रज्ञांनी दुधापासून २२ कॅरेट सोनं काढलं! देशी गाईच्या दुधात सोनं असतं, हे आपले पूर्वज सांगतच होते.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मूळ बातमी खरी आहे, पण अर्धी वाचलेली. २०२४च्या सुरुवातीला झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात रफाएले मेझेंगा यांच्या गटाने एक प्रयोग केला. चीज करताना जी निवळी उरते, तिच्यातल्या प्रथिनांचे बारीक धागे करून त्यांनी त्यांचा स्पंज बनवला. कॉम्प्युटरचे २० जुने मदरबोर्ड घेतले, त्यांवरचे धातू आम्लात विरघळवले आणि त्या पाण्यात हा स्पंज सोडला. सोन्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, धाग्यांना चिकटले. पुढे तो स्पंज तापवून, वितळवून ४५० मिलिग्रॅमचा एक मणी हाती आला. त्यात ९१ टक्के सोनं होतं, बाकी बहुतेक तांबं. म्हणून २२ कॅरेट.

दुधातून काहीही आलेलं नाही. निवळीने गाळणीचं काम केलं, आणि ते सुरेख केलं. सोनं मदरबोर्डवर होतं, कारखान्यात कुणीतरी ते तिथे चढवलं होतं. पण या बातमीतले दोन शब्द कुणीच वाचत नाही: ‘आम्लात विरघळवले’. जो धातू हजारो वर्षं जमिनीत राहूनही गंजत नाही, तो मिठासारखा विरघळतो कसा? माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे.

ही गंमत मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या मामांच्या दुकानात. आमचा भाग विटा-खानापूरचा. सांगली जिल्ह्याच्या या दुष्काळी पट्ट्यातली माणसं शेती पिकेना म्हणून बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत गलाईची दुकानं थाटून बसली. गलाई म्हणजे जुनं, भेसळीचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं. मामा कोइंबतूरला होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे गेलो, की एक कोडं पडायचं: सोनं शुद्ध करायचं, तर मामा त्यात आधी चांदी का मिसळतात? सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी घालून ते दोन्ही मुशीत वितळवायचे आणि मग त्या मिश्रणावर तेजाब ओतायचे. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. विचारलं, तर म्हणाले, “आरं, चांदी आतनं वाट करून देती. न्हाईतर तेजाब वरवर चाटतंय नुसतं.” अगदी खरं. सोनं जास्त असेल तर ते आतल्या तांब्या-चांदीला झाकून बसतं. चांदी भरपूर असली की आम्ल पोखरत आत शिरतं, तांबं-चांदी विरघळून निघून जातात आणि मागे भुसभुशीत सोनं उरतं. तेजाब सोन्याला हात लावत नाही, या एका गोष्टीवर मामांचा सगळा धंदा उभा होता.

मोबाइल-कॉम्प्युटरच्या भंगाराचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे सोनं दागिन्यासारखं एका जागी नसतं. रॅमच्या पट्टीच्या कडेला जे पिवळे दात दिसतात, त्यांवर सोन्याचा जेमतेम मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ थर असतो. मिठाईवरच्या वर्खाच्या जातीचाच. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. चिपच्या पोटात केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात. सोनं तिथे थाटमाटासाठी नाही. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना टेकून वर्षानुवर्षं वीज वाहती ठेवायची, तर मधे गंजाचा थर येऊन चालत नाही.

‘खाणीपेक्षा भंगारात पन्नासपट सोनं’ हे वाक्य आता तोंडी बसलं आहे. खाणीतल्या खडकात टनाला एक ते पाच-सहा ग्रॅम सोनं असतं आणि बॅटरी काढलेल्या मोबाइलच्या टनात तीनशेच्या आसपास, हे खरं. पण ते मोबाइलपुरतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून बनवली, ते आठवत असेल. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत जपानने ७८,९८५ टन लहान उपकरणं आणि त्याशिवाय ६२ लाखांहून अधिक मोबाइल गोळा केले. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळालं. भागाकार करून पाहा. टनाला अर्धा ग्रॅमसुद्धा सोनं पडत नाही! म्हणजे गरीब खाणीहूनही कमी. कारण त्या ढिगात प्लास्टिक होतं, लोखंड होतं, ज्यांत सोन्याचा कणही नाही अशा कितीतरी वस्तू होत्या. भंगार ही खाण तेव्हाच होते, जेव्हा कुणीतरी बसून वेगळं करतं: हा बोर्ड, ही पट्टी, ही चिप. एका मोबाइलमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम सोनं धरू. तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, एक लाख रुपये भाव धरला तर ते तीनशे रुपयांचं होतं. तेही सगळंच्या सगळं हाती आलं तर.

मग अख्खा बोर्डच आम्लात का टाकू नये? कारण बोर्डाच्या वजनात तांबं पंधरा-वीस टक्के आणि सोनं टक्क्याचा शतांश भाग. आम्ल आधी तांबंच खाऊन संपतं. डागकामातल्या, म्हणजे सोल्डरिंगमधल्या, कथिलाची नायट्रिक आम्लात पांढरी, चिकट खळ होते. ती गाळणीतून उतरत नाही आणि सोन्याचे कण पोटात धरून बसते. त्यात पुन्हा तांब्याचा तुकडा शिल्लक असेल, तर विरघळलेलं सोनं परत त्याच्यावर जाऊन बसतं.

आता मूळ प्रश्न. दहावीच्या पुस्तकात आम्लराज भेटलेलं असतं: तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग संहत नायट्रिक आम्ल. एकेकटं कोणतंही सोन्याला विरघळवत नाही, दोन्ही मिळून विरघळवतात. पुस्तक इथे थांबतं आणि आपणही ‘दोन आम्लं, म्हणून दुप्पट जोर’ असं समजून पुढे जातो. तसं नाही. दोघांची कामं अगदी वेगवेगळी आहेत.

धातू विरघळतो म्हणजे त्याचा अणू इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. इलेक्ट्रॉन सोडायला त्याला किती जड जातं, हे व्होल्टमध्ये मोजता येतं. आकडा मोठा, तितका धातू चिक्कट. तांबं ०.३४, चांदी ०.८०, सोनं १.५०. याच शिडीवर नायट्रिक आम्लाची इलेक्ट्रॉन खेचण्याची ताकद ०.९६ आहे. मामांचं सगळं दुकान या चार आकड्यांत मावतं. ०.९६च्या खाली असलेले तांबं आणि चांदी विरघळतात, वर बसलेलं सोनं राहतं.

पण ‘राहतं’ याचा अर्थ काय? नायट्रिक आम्ल सोन्याच्या पृष्ठभागावरून अत्यल्प अणू उचलतं, आणि ते आयन लगेच आपले इलेक्ट्रॉन परत मिळवून पृष्ठभागावर येऊन बसतात. ये-जा चालू असते, एकुणात काही हलत नाही. आता तिथे हायड्रोक्लोरिक आम्लातले क्लोराइड आयन आणून सोडा. पृष्ठभागावरून एखादा सुवर्ण आयन सुटला रे सुटला, की चार क्लोराइड त्याला चार बाजूंनी धरतात. सगळे एकाच पातळीत, चौरसाच्या चार कोपऱ्यांवर, आणि मधोमध सोनं. अशा बंदोबस्तातल्या आयनाला परत फिरता येत नाही. जागा रिकामी झाली म्हणून नायट्रिक आम्ल पुढचा अणू उचलतं, त्यालाही चौघे धरतात. सोन्याचा आकडा १.५० वरून थेट १.०० वर उतरतो. ०.९६ आणि १.०० यांत फरक तो किती! तो संहत आम्लाच्या तीव्रतेने, तयार होणाऱ्या क्लोरिनने आणि बुडबुड्यांवाटे निघून जाणाऱ्या वायूने भरून निघतो.

या चौघांची पकड किती घट्ट असते? अर्ध्या व्होल्टचा फरक, तीन इलेक्ट्रॉन, हे समीकरणात घातलं तर उत्तर येतं: एका मोकळ्या सुवर्ण आयनामागे बांधलेले आयन एकावर पंचवीस शून्यं इतके. आता एक लिटर द्रावणात दोन ग्रॅम सोनं विरघळलं आहे असं धरा. त्यात सोन्याचे अणू सहावर एकवीस शून्यं. म्हणजे त्या अख्ख्या बाटलीत सरासरीने एकही मोकळा सुवर्ण आयन नाही! मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा तीनदा तपासलं. नायट्रिक आम्लाला जिंकायचं कधी नव्हतंच. त्याला फक्त दार किलकिलं करायचं होतं, बाकीचं क्लोराइडने पाहिलं.

सोनं परत काढायला हीच शिडी उलटी वापरायची. आधी उरलेलं नायट्रिक आम्ल घालवायचं, नाहीतर खाली बसलेलं सोनं पुन्हा विरघळतं. मग त्या नारिंगी-पिवळ्या पाण्यात असं काहीतरी घालायचं, जे सोन्याला इलेक्ट्रॉन देईल पण तांब्याला देणार नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घ्या. त्यातल्या लोहाचा आकडा ०.७७. सोनं आता १.०० वर आहे, म्हणजे वर. त्याला इलेक्ट्रॉन मिळतात आणि ते तळाशी बसतं. क्लोराइडने धरलेलं पॅलेडियम (बोर्डावरचाच आणखी एक मौल्यवान धातू) सुमारे ०.६ वर आणि तांबं ०.३४ वर, दोन्ही खाली. ती पाण्यातच राहतात. जस्ताचा तुकडा टाकला असता तर सगळेच धातू एकत्र खाली आले असते आणि मेहनत वाया गेली असती. नेमक्या पायरीवरचा मध्यस्थ निवडणं, यालाच शुद्धीकरण म्हणतात. चांदीचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, कारण आम्लराजात ती पांढरं क्लोराइड होऊन तळाला जाते.

खाली बसलेलं सोनं मात्र सोन्यासारखं दिसत नाही. ओल्या मातीसारखा तपकिरी गाळ. कण इतके बारीक, की ती ओळखीची पिवळी झळाळी येतच नाही. धुऊन, वाळवून, सवागी, म्हणजे बोरॅक्स, टाकून मुशीत वितळवलं, की क्षणात पिवळा थेंब होतो.

मोठ्या कारखान्यांत बोर्ड सुरुवातीला आम्लात जात नाही. स्वीडनमध्ये रोनशार, बेल्जियममध्ये होबोकन इथल्या भट्ट्यांत भंगार वितळवलं जातं आणि वितळलेलं तांबं किंवा शिसं सोनं-चांदी-पॅलेडियम आपल्यात ओढून घेतं. तांब्याच्या वाटेने गेलेल्या मालाचे पत्रे ओतून त्यांतून वीज सोडतात. तांबं एका पत्र्यावरून सुटून दुसऱ्यावर जातं, सोनं शिडीवर फार वर असल्याने सुटतच नाही, खाली गाळ होऊन पडतं. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२४मध्ये वेल्समधल्या लँट्रिसंटला वर्षाला ४,००० टनांपर्यंत बोर्ड हाताळणारा कारखाना सुरू केला, तिथे भट्टीऐवजी नेमकं सोनंच विरघळवणारं रसायन साध्या तापमानाला वापरलं. शिडी तीच.

आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला रामगंगेच्या काठी बोर्ड उघड्यावर जाळले गेले, आम्लाचं पाणी मातीत मुरलं. प्लास्टिकमधल्या ब्रोमिनयुक्त रसायनांचा धूर, डागकामातलं शिसं, आम्लातून उठणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड. हा शेवटचा वायू फसवा आहे: श्वासात गेल्यावर थोडा खोकला येऊन बरं वाटतं आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. यूट्यूबवर बाल्कनीत बादली घेऊन ‘घरबसल्या सोनं काढा’ शिकवणारे व्हिडिओ पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. कृपा करून करू नका. दुसरा प्रकार ‘लाल पाऱ्या’चा. जुन्या टीव्ही-रेडिओत लाखो रुपयांचा लाल पारा असतो, ही अफवा अजून गावोगाव फिरते आणि माणसं पैसे गमावतात. असा पदार्थ अस्तित्वातच नाही. परिसाची ओढ जुनी आहे, मला ती कळतेही. पण विझलेल्या मोबाइलमधलं खरं सोनं तीस मिलिग्रॅमच असतं.

२०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच. उरलेला बराचसा पुरला जातो, जाळला जातो, किंवा माझ्या कपाटासारख्या कपाटांत पडून असतो. तीन मोबाइल आहेत तिथे. शहरात नोंदणीकृत संकलन केंद्र आहे, पत्ताही ठाऊक आहे.

मामांच्या दुकानात एक पत्र्याचा डबा होता. गाळणीचे वापरलेले कागद, हात पुसलेली फडकी, फरशीवरची झाडलेली धूळ, सगळं त्यात जायचं. मला वाटायचं, कचऱ्याचा डबा आहे. दिवाळी जवळ आली की मामा ते सगळं सावकाश जाळायचे आणि राख झारेकऱ्याला, म्हणजे राखेधुळीतून सोनं वेचणाऱ्याला, वजनावर द्यायचे. एकदा मी हातातला कागदाचा बोळा रस्त्यावर टाकला, तर मामा स्वतः उठून तो उचलायला बाहेर आले.