गाडी हीट होते: जाळी कमी पडते की पंप?

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की काटा लालकडे सरकतो, आणि सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं चार रोची (नळ्यांच्या चार रांगांची) जाळी, म्हणजे रेडिएटर, टाका, कुणी म्हणतं मोठा वॉटर पंप बसवा. पाणी एकच, म्हणून दोघांचं कामही एकच वाटतं. पण पंप उष्णता इंजिनातून जाळीपर्यंत आणतो आणि जाळी ती हवेला देते. मार्केट यार्डात हमाल वाढवले म्हणून गुळाला गिऱ्हाईक वाढत नाही, तसंच हे.

50 एचपीचं, म्हणजे 37 किलोवॅटचं डिझेल इंजिन घेऊ. पूर्ण लोडवर पाण्यात जाणारी उष्णता 30 किलोवॅट धरू. आकडा थोडा चढाच आहे, पण इथे हात सैल ठेवलेला बरा.

पंपाचा हिशेब सोपा. एक लिटर गरम पाणी एक अंश तापायला साधारण 4.07 किलोज्यूल लागतात. जाळीच्या वरच्या आणि खालच्या होजमध्ये (रबरी नळ्यांमध्ये) 6 अंशांचा फरक ठेवायचा तर सेकंदाला 1.23 लिटर, म्हणजे मिनिटाला 74 लिटर पाणी फिरलं पाहिजे. पाण्यात निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर दहा टक्के जास्त. हा आकडा जाळी, इंजिनाचा ब्लॉक आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर जाळीकडची वाट उघडणारी झडप) यांच्या अडथळ्यासकट मिळायला हवा. बादलीत सोडून मोजलेला पंप इथे फसवतो.

जाळी मोजायची ती अंशामागे किलोवॅटमध्ये. वरच्या टाकीत 95 अंश, जाळीसमोरची हवा 40 अंश (सावलीतली नव्हे, बॉनेटपाशी मोजलेली), फरक 55. म्हणजे अंशामागे 0.55 किलोवॅट. हवा 25 अंशांनी तापू दिली तरी मिनिटाला 63 हजार लिटर हवा आरपार जावी लागते. एकीकडे 74 लिटर पाणी, दुसरीकडे 63 हजार लिटर हवा! अडतं ते बहुधा हवेकडेच. म्हणून चांगल्या चालणाऱ्या पंपाचा प्रवाह दुप्पट केला तरी जाळीतून जाणारी उष्णता थोडीशीच वाढते. चौथ्या रोचंही तसंच: तिथवर पोचलेली हवा आधीच तापलेली असते, शिवाय अडथळा वाढतो. जागा असेल तर जाळी जाड करण्यापेक्षा रुंद करावी.

खरी परीक्षा घाटात. 2200 आरपीएमचं इंजिन चढावर 1400 वर उतरलं आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) वीस टक्के वाढला, तर ताकद, आणि तिच्यामागे उष्णता, 76 टक्के राहते. पण पंप आणि फॅन दोन्ही इंजिनावरच फिरतात, त्यामुळे पाणी आणि हवा 64 टक्क्यांवर येतात. गाडीच्या वेगाचा वारा तर नाहीच. माप या आरपीएमला घ्यावं.

काही विकत घेण्याआधी दोन्ही होजचं तापमान घ्या, इंजिन लोडवर आणि थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असताना. इन्फ्रारेड गन चकचकीत पितळेवर चुकते. नळीच्या तोंडाशी काळी टेप चिकटवून तिच्यावर धरा. दोन्ही होज तापलेले आणि फरक 4-6 अंश असेल तर पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय: फिन्समध्ये (जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये) पाचटाची कुस, तुटलेला श्राउड (फॅनभोवतीचं कवच), सुटलेला फॅनचा पट्टा. कुस फॅनच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने बाहेर काढायची. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की फिन्स झोपतात. फरक 15 च्या वर गेला तर प्रवाह कमी आहे: झिजलेला इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक), अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, आतली स्प्रिंग गंजून रेस केल्यावर चपटा होणारा खालचा होज. आतून चोंदलेली जाळीही असाच मोठा फरक दाखवते, तेव्हा जाळीवर गन फिरवून थंड पट्टे शोधा. ते सापडले तर पंपाला हात लावू नका.

‘पाणी फार जोरात गेलं तर जाळीत गार होत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे बरेच आहेत. जोरात गेलेलं पाणी बाहेर पडताना गरम असतं हे खरं, पण त्यामुळे सगळी जाळीच जास्त गरम राहते आणि उष्णता जास्त सोडते. उलट ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपास (जाळी टाळून जाणारी वाट) बंद करतो, तिथे तो काढला की पाणी जाळीला वळसा घालून परत फिरतं.

पंप खराब असल्याचं सोंग जाळीचं झाकणही करतं. कोल्हापूरच्या उंचीवर साधं पाणी 98 अंशांना उकळतं, 0.9 बारचं झाकण ते 118 पर्यंत नेतं. रबर गेलं की पंपाच्या तोंडाशीच वाफेचे बुडबुडे होतात, प्रवाह तुटतो आणि नवा पंपही तसाच वागतो.